अलिबागची मशीद आणि दहा माणसे

आमच्या वणीतले किराण्याचे आणि सुकामेव्याचे दुकानदार पूर्वी खरेदीसाठी मुंबईला जात. नाशिकहून रात्रीची गाडी धरायची, पहाटे व्हीटीला उतरायचे आणि लोकलने एकच स्टेशन मागे यायचे: मशीद बंदर. खजूर, वेलदोडे, खारीक, सगळे तिथून. लहानपणी मला वाटे, ज्या मशिदीवरून अख्ख्या स्टेशनाला नाव पडले ती केवढी मोठी असेल! मोठेपणी तिथे गेलो तेव्हा एकदोघांना विचारलेही. कुणी जामा मशिदीकडे बोट दाखवले, कुणी झकेरिया मशिदीकडे. ज्या मशिदीवरून हे नाव पडले असे सांगितले जाते, ती यांपैकी कुठलीच नव्हे. ती यहुद्यांची मशीद. सॅम्युएल स्ट्रीटवरचे 'शाआर हारहमीम' हे सिनेगॉग. बेने इस्राएल लोक तिला 'जुनी मशीद' म्हणत आले. १८४० मध्ये दुसरे सिनेगॉग झाले तेव्हा त्याला आपोआपच 'नवी मशीद' नाव मिळाले.

गंमत अशी की पुण्याला गेलात तर डेव्हिड ससूनने बांधलेल्या सिनेगॉगला लोक 'लाल देऊळ' म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ. ज्या गावात ज्या शब्दाचा शेजार होता, तो शब्द या लोकांच्या प्रार्थनाघराला चिकटला. सिनेगॉग हा शब्द आपल्याकडे छापील पुस्तकातून आला. बोलण्यात तो नव्हताच.

मला या लेखात सांगायचे आहे ते मुंबई-पुण्याच्या नव्हे, तर अलिबागसारख्या लहान गावातल्या सिनेगॉगविषयी. पण त्याआधी मशीद हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्या शब्दाबरोबर आणखी बरेच शब्द आलेले आहेत.

बेने इस्राएलांची परंपरा अशी सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती तिथेच पुरली. नवगावला ते कब्रस्तान आजही दाखवतात. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही आणि मला त्या वादात पडायचे नाही. गलबत फुटल्याची गोष्ट आपल्या कोकणी मुसलमानांतही सांगतात, पारशांचीही समुद्रातून येण्याची गोष्ट आहे. कोकण किनाऱ्यावर आलेला प्रत्येकजण पाण्यातून आला आणि रिकाम्या हाताने आला, असे आपण सगळेच आपापल्या मुलांना सांगत आलो. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमाराला, सैमूरला येऊन गेला. सैमूर म्हणजे अलिबागच्या शेजारचे चौल. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती करून असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा हा शेजार हजार वर्षांहून जुना असण्याची शक्यता आहे.

वाचलेल्या लोकांनी गावोगाव तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. किताबे हरवली, भाषा गेली, फक्त 'शेमा इस्राएल' हे एक वचन ओठांवर राहिले. देव एक आहे, एवढेच सांगणारे वचन. ज्याला कलमा ठाऊक आहे त्याला हे समजायला भाष्य लागत नाही. सुन्नत राहिली, शनिवारची सुट्टी राहिली, खवले नसलेला मासा न खाण्याची रीत राहिली. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा कुणी धर्मशिक्षक आला, त्याने या खुणा ओळखल्या आणि तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केले. या माणसांना काय म्हणायचे? काजी. लग्ने लावणे, सुन्नत, तंटे मिटवणे ही त्यांची कामे. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही ती काजी घराणी.

सणांची नावे पाहा. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. ही झाली कुणब्या-आगऱ्यांच्या घरातली मराठी. पण त्याच यादीत 'नव्याचा रोजा' आहे, 'सबाबीचा रोजा' आहे, आणि एका महिन्याच्या उपवासांना चक्क 'रमजान' म्हणत. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला त्यात ही नावे आलेली आहेत. हा ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये पुरा केला आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. किहीमकर तोवर या जगात नव्हते.

आणि मलिदा! नवस फेडताना, लग्नाआधी, नवे घर घेतले की बेने इस्राएलांच्या घरी मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा, वर फळे. मध्ये गुलाब ठेवलेले ताट आणि एलियाहू हनबीच्या नावाने दुआ. एलियाहू हनबी म्हणजे आपले हजरत इलियास. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याच्या बाजूला खडकावरची एक खूण दाखवतात. एलियाहूचा रथ इथे टेकून आकाशात गेला अशी श्रद्धा आहे. तिला 'एलियाहू हनबीची टापी' म्हणतात. जगातल्या इतर यहुद्यांत मलिदा नाही. आपल्याकडे मात्र दर्ग्यावर मलिदा चढतो, फातेहा होते. आता यातले कुणी कुणाकडून घेतले? आपल्याकडचे शुद्धीवाले मौलवी म्हणतील, हा बिदअत आहे, तेव्हा ज्याने दिले त्याचे चुकलेच. त्यांच्यापुढे मी गप्प बसतो. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ताट एकच आहे.

आता सिनेगॉगकडे येऊ.

इतकी शतके कोकणात राहूनही या लोकांना सिनेगॉग नव्हते. प्रार्थना घरात, ओटीवर. पहिले सिनेगॉग बांधले ते कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका अंमलदाराने. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. परंपरा सांगते की म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या हाती लागले. तुम्ही कोण, असे विचारल्यावर त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. टिपूच्या आईने ते ऐकले आणि म्हणाली, या लोकांचे नाव कुराणात आहे, यांना मारू नका. (कुराणातल्या सतराव्या सूऱ्याचे एक नाव 'बनी इस्राईल' असेच आहे.) सुटका झाली तर देवाचे घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता. १७९६ मध्ये मांडवीला त्यांनी तो फेडला. पुढच्याच वर्षी तोऱ्याची पोथी आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आजची इमारत १८६० ची आहे.

या गोष्टीला कागदाचा पुरावा किती, हे मला इथे महत्त्वाचे वाटत नाही. महत्त्वाचे हे की मुंबईतल्या पहिल्या बेने इस्राएल सिनेगॉगच्या जन्मकथेत एका मुसलमान आईचा शब्द आहे, आणि ही कथा मुसलमानांनी नव्हे, बेने इस्राएलांनी जपली. टिपूच्या नावाने आज जे काही ऐकावे लागते ते ऐकताना मला ही गोष्ट हमखास आठवते.

सिनेगॉगांची नावेही आपल्या कानाला परकी नाहीत. शाआर हारहमीम म्हणजे रहमतीचा दरवाजा. हिब्रूतला 'रहमीम' आणि अरबीतली 'रहमत' एकाच धातूची लेकरे. ठाण्याचे 'शाआर हाशामाईम' (१८७९) म्हणजे आसमानाचा दरवाजा, यातला 'शामाईम' म्हणजे आपला 'समा'. पनवेल (१८४९) आणि रेवदंडा (१८४२) इथली 'बेथ एल', म्हणजे देवाचे बैत. पेणचे 'बेथ हा-एलोहीम' (१८६३), त्याचाही अर्थ तोच.

अलिबागच्या सिनेगॉगचे नाव 'मागेन आबोथ', म्हणजे पूर्वजांची ढाल. 'अब' म्हणजे बाप, हे अरबी शिकलेल्याला सांगायला नको. ते १८४८ मध्ये उभे राहिले. ही सगळी सालं एकमेकांजवळ का आली? १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान कंपनी सरकारने खालसा केले. कोकणातली तरुण पोरे पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत गेली. त्याआधी १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणात येऊन हिब्रू प्रार्थना शिकवू लागले होते. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. म्हणजे पगार आला, अक्षर आले, आणि मग घर आले. घाण्याच्या कमाईत जे शतकानुशतके जमले नव्हते ते पेन्शनीत जमले. आपल्याकडेही कितीतरी गावांतल्या मशिदी आखाती पैशावर उभ्या राहिल्या, त्यातलाच हा प्रकार.

खुद्द अलिबाग या नावाविषयी दोन मते आहेत. अली नावाच्या सधन माणसाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या, म्हणून अलीची बाग. हा अली मुसलमान होता असे काहीजण सांगतात, बेने इस्राएल होता असे दुसरे सांगतात. भांडण सोडवायला मी जाणार नाही. एकाच विहिरीवर दोन घरांनी हक्क सांगितला म्हणजे ती दोघांच्याही वापरात होती, एवढा अर्थ मला पुरे आहे.

इस्राएल आळीतल्या त्या सिनेगॉगची आजची इमारत १८४८ ची नाही, १९१० ची आहे. बासष्ट वर्षांनी लोकांनी पहिल्या घराच्या जागी नवे घर बांधले. जीर्णोद्धार हा शब्द मी याच अर्थाने वापरतो. ज्यांना तिथे उभे राहून प्रार्थना करायची होती त्यांनीच तो केला. किहीम, नवगाव, झिराड, पेझारी, वाक्रूळ, अष्टमी अशा गावांवरून आडनावे घेतलेली माणसे तेव्हा या मुलखात होती आणि सणावाराला अलिबागला येत होती. या आडनावांची माणसे आपल्याही ओळखीची आहेत. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. सिनेमातले डेव्हिड, 'बूट पॉलिश' मधले जॉन चाचा, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे चौल. अल-मसूदीचे सैमूर.

सिनेगॉगची रचना साधी असते. मध्यभागी कठड्याचा उंच चौथरा, त्याला 'तेवा' म्हणतात. तोऱ्याचे वाचन तिथून होते. एका भिंतीत कपाट, 'हेखाल'. त्यात चामड्यावर हाताने लिहिलेल्या तोऱ्याच्या गुंडाळ्या असतात. वर अखंड तेवणारा दिवा. बायकांसाठी सज्जा. चित्र नाही, मूर्ती नाही. हेखालची भिंत जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्या मुलखातून पश्चिमेला. आपला किब्लाही पश्चिमेलाच. अलिबागला यहुदी आणि मुसलमान दोघेही समुद्राकडे तोंड करून उभे राहतात.

तोऱ्यात तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरे असतात. त्यातले एक जरी अक्षर झिजले किंवा चुकले तर ती गुंडाळी जाणत्या लेखनिकाकडून दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत चामडे आणि शाई टिकवणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो. दुरुस्तीपलीकडे गेलेली पोथी फेकत नाहीत, दफन करतात. आपणही कुराणाची जीर्ण पाने तशीच सांभाळून दफन करतो.

घराची दुरुस्ती हाही कोकणात सोपा मामला नाही. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या पट्ट्यातल्या जुन्या इमारती दगड-चुन्याच्या. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला तसे करू देतो. आपण काय करतो? वर्गणी जमली की चुना खरवडून सिमेंट मारतो, त्यावर ऑइलपेंट. पाणी आत कोंडते, क्षार फुटतात, दोन वर्षांत पोपडे येतात आणि आत शिरलेल्या तुळया कुजू लागतात. मग ठेकेदार सांगतो, भिंतच गेली आहे, पाडून टाका. कोकणातल्या कितीतरी जुन्या लाकडी मशिदी अशाच गेल्या. त्यांच्या जागी काचेच्या खिडक्या आणि चकचकीत फरश्या आल्या, आणि आपण पाटीवर अभिमानाने 'तामीर-ए-जदीद' असे लिहिले. चुना काम करणारा कारागीर शोधणे हे वर्गणी गोळा करण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे आपल्या कुठल्या मशीद कमिटीच्या सभेत निघाल्याचे मी ऐकलेले नाही.

पण सिनेगॉगच्या बाबतीत खरी अडचण चुन्याची नाही, माणसांची आहे. यहुदी धर्मात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला 'मिनियान' म्हणतात. नऊ असले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, तोऱ्याचे जाहीर वाचन होत नाही. आपल्याकडे हनफी मजहबात जुम्याला इमामाखेरीज तिघे पुरतात. कोकणातले मुसलमान मात्र शाफई, आणि शाफई फिकहात जुम्याला चाळीस माणसे हवीत. तेव्हा माणसांची मोजदाद म्हणजे काय हे कोकणी मुसलमानाला समजावून द्यावे लागत नाही. ज्या वाडीतली सगळी तरुण मंडळी कुवेतला आणि दुबईला, तिथल्या इमामाला विचारा.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर यहुदी होते. २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उरले. १९४८ मध्ये इस्राएल झाले आणि लोक जाऊ लागले. कुणी हाकलले म्हणून नव्हे. या देशात त्यांच्यावर छळ झाला नाही असे ते स्वतः सांगतात. ते धर्मासाठी गेले, नोकरीसाठी गेले, भाऊ गेला म्हणून गेले. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावांत जाऊन राहिले. तिथे काय झाले? रब्बींनी शंका काढली, तुम्ही खरे यहुदी का? लग्नाआधी वंशाची चौकशी करू लागले. बेने इस्राएलांनी धरणे धरले, आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे मान्य झाले. आपल्याच घरात जन्माचा दाखला मागितला जाण्याचा अनुभव. तो मागणारे प्रत्येक धर्मात असतात. बेने इस्राएलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि काळ्यांना तोऱ्याला हात लावू देत नसत. अश्रफ-अजलफच्या गोष्टी माहीत असलेल्या आपल्या वाचकाने यावर फार हसू नये.

गेलेल्यांनी मराठी मात्र टाकली नाही. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हगादा छापणारा, राजपूरकरांकडून प्रार्थनापुस्तके मराठीत करून घेणारा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोशे आणि युसुफावर मराठी कीर्तने रचणारा हा समाज. इस्राएलमध्ये त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. आपण मुसलमान मराठीत लिहितो म्हणून इकडचे आणि तिकडचे दोघेही भुवया उंचावतात. तेव्हा आपण एकटेच या वाटेने चाललो नव्हतो, हे ठाऊक असलेले बरे.

माणसे गेल्यावर घराचे काय करायचे, याची दोन-तीन उत्तरे आपल्या देशात दिली गेली आहेत. केरळात चेंदमंगलमचे सिनेगॉग सरकारने दुरुस्त केले आणि २००६ मध्ये ते प्रदर्शन म्हणून उघडले. परवूरचेही तसेच संग्रहालय झाले. काम चांगले झाले, वाद नाही. पण तिथे तिकीट काढून आत जायचे. मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे आतले कोरीव लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये नेऊन मांडले. रिकाम्या भिंती मट्टनचेरीत राहिल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पावसात त्या कोसळल्या. त्याच वर्षी मुंबईत काळा घोड्याच्या 'केनेसेथ एलियाहू' (१८८४) या सिनेगॉगचे दोन वर्षांचे काम पुरे झाले, रंगीत काचा पुन्हा उजळल्या आणि युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. तिथे पैसा उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाने आणि परदेशी संस्थांनी दिला. काळा घोडा आहे, पर्यटक आहेत, दूतावास आहेत. अलिबाग, रेवदंडा, पेण, म्हसळा, नांदगाव यांच्या नशिबी हे येणे कठीण. तिथे उरलेली कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा दहा भरतात.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याने कागद मिळाला. माणसे कागदाने वाढत नाहीत.

मग या घरांना सांभाळते कोण? कलकत्त्यात दोन मोठी सिनेगॉगे आहेत, मागेन डेव्हिड आणि बेथ एल. तिथे पिढ्यानपिढ्या मुसलमान रखवालदार झाडलोट करतात, दिवे लावतात. मुंबईत भायखळ्याच्या मागेन डेव्हिडलाही मुसलमान सेवेकरी राहिले आहेत. माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणजे किहीमकरांनी १८७५ मध्ये काढलेली इस्राएली शाळा. आज तिच्या वर्गांत बसणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेचेही तसेच. यहुद्यांच्या पैशाने बांधलेल्या वर्गांत आपल्या मुली मॅट्रिक होतात. हे आपल्या किती सभांत कुणी सांगितले?

इथे एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. पॅलेस्टाईनविषयी आपल्या मनात जे आहे ते आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने जे केले आणि त्यानंतर गाझात हजारो बायका-मुलांवर जो वणवा बरसला, त्यानंतर ते मन अधिकच जळते. मीही त्याला अपवाद नाही. पण त्या जळत्या मनाने 'यहुदी' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा त्यात अलिबागच्या आळीतला म्हाताराही ओढला जातो, ज्याच्या आईने आपल्या आईकडून मेहंदीची गाणी उचलली असतील. त्याचा भाचा कदाचित तिकडच्या सैन्यात असेल, हेही खरे. म्हणून गोष्ट सोपी नाही. इस्राएल नावाच्या सरकारशी आपले भांडण असू शकते. इस्राएल आळीशी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये यहुदी पाहुण्यांना मारणाऱ्यांना, त्या हल्ल्यात ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना, मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला होता. हे शव आमचे नव्हेत, असे मुंबईच्या मुसलमानांनी सांगितले. भाषण न करता दिलेले ते उत्तर मला आजही पुरेसे वाटते.

तर अलिबागचे काय करावे? संग्रहालय करावे असे म्हणणारे आहेत. मी त्या पक्षाचा नाही, निदान आज तरी नाही. जोवर वर्षातून एकदा का होईना दहा माणसे जमतात आणि हेखाल उघडले जाते, तोवर ती मशीद आहे, वस्तू नव्हे. छपराची कौले पावसाआधी शाकारली गेली पाहिजेत, सिमेंटवाला ठेकेदार दूर ठेवला पाहिजे, आणि नवगावच्या कब्रस्तानात झाडोरा माजू नये. यांपैकी पहिली आणि तिसरी कामे करायला यहुदी असावे लागत नाही. विश्वस्त त्यांचे, निर्णय त्यांचा. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय अशी मिळकत विकता येत नाही हे खरे, पण परवानग्या कशा मिळतात तेही आपण वक्फच्या जमिनींच्या बाबतीत पाहिले आहे. गावातले चार जण लक्ष ठेवून आहेत एवढे कळले तरी बऱ्याच गोष्टी आपोआप टळतात.

आणखी एक काम मात्र खास आपलेच आहे. कोकणात काजीपणाच्या सनदा ज्या घरांत आहेत, ती घरे आजही आहेत. फारसीत आणि मोडीत लिहिलेले ते कागद पेटाऱ्यात, माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात पडलेले असतात. हबसाणात, आंग्र्यांच्या मुलखात, एका गावात मुसलमानांचा काजी आणि बेने इस्राएलांचा काजी शेजारी शेजारी कसे वागत होते, तंटे कुणापुढे जात, तेलाच्या घाण्यावरचा कर कुणी भरला, हे त्या कागदांत कुठेतरी असणार. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, चौल, पनवेल इथल्या वाचकांनी येत्या उन्हाळ्यात ते डबे एकदा उघडावेत. मोडी येत नसेल तर वाचणारे शोधून देता येतील. फक्त कागद उन्हात वाळवायला ठेवू नका. शाई उडते.